मजुरी वेगळी, चांदी वेगळी

रोज असरच्या नमाजनंतर मी कामाचा पाट झाडते. पाटाखाली एक जुनी सुती चादर अंथरलेली असते. ती चारही टोकांनी उचलून कागदावर झटकायची, कानशीच्या फटीत अडकलेला कीस ब्रशने काढायचा, पाटाची भेग टाचणीने कोरायची आणि सगळी धूळ एका पत्र्याच्या डब्यात भरायची. घरी आलेल्या पाहुण्यांना हे पाहून गंमत वाटते. एक खाला तर म्हणाल्या, "बेटी, एवढी साफसफाई स्वयंपाकघरात केलीस तर सासू खूष होईल." त्यांना सांगितले, खालाजान, स्वयंपाकघरातल्या केरात चांदी नसते.

ही सवय माझी स्वतःची नाही, घराण्याची आहे. माझे दादा झारेकरी होते. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. सोनार दागिना घडवतो तेव्हा कानस चालते, करवत चालते, हातोडीखाली तुकडा उडतो. सोन्याचांदीचे डोळ्याला न दिसणारे कण जमिनीवर पडतात, पायांना चिकटतात, हात धुतलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातात. ती धूळ, ती राख, तो गटारातला गाळ विकत घ्यायचा आणि पाण्यात झारून त्यातून धातू काढायचा, हा झारेकऱ्यांचा धंदा. महाराष्ट्रात या कामात कितीतरी मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या होती. आमचे दादा पहाटे फजर पढून नाशिकच्या सराफ बाजारात जात आणि दुकाने उघडण्याआधी गल्ली झाडून घेत. हलकी माती पाण्याबरोबर वाहून जाते, जड धातू परातीच्या तळाशी राहतो. मग त्यात पारा घालून तो मळायचा, पारा चांदीसोन्याचे कण धरतो, आणि शेवटी आचेवर पारा उडवून द्यायचा. तो पारा कुठे उडत होता? घरातच. दादांचे हात उतारवयात थरथरत, चहाचा कप धरवत नसे. त्याचा आणि पाऱ्याचा संबंध असेल हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नाही.

अब्बा एक गोष्ट नेहमी सांगतात. १९६३ च्या जानेवारीत सरकारने सुवर्ण नियंत्रण आणले. चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा दागिना घडवायला बंदी झाली. आपल्याकडे लग्नाला चौदा कॅरेटचे सोने कोण घेणार? देशभर सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या, हजारो कारागीर बेकार झाले. पुढे १९६८ मध्ये कायदा झाला, तो १९९० मध्ये रद्द झाला. सोनारांच्या हालअपेष्टांबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. झारेकऱ्यांबद्दल कोणी लिहिले असेल असे वाटत नाही. भट्टी थंड झाली की धूळही नाही. अब्बा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. त्या वर्षी त्यांची शाळा सुटली आणि ते एका दुकानात दागिने उजळायला बसले. रिठ्याचे पाणी, चिंचेचे पाणी आणि ब्रश. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी घडवलेले दागिने उजळले.

घडवायला बसले ते मीच. तेही उशिरा.

निकाहनंतर मी पंचवटीत आले. माझे पती सातपूरच्या एका कारखान्यात कामाला. आमच्या चाळीत खालच्या खोलीत एक वयस्कर सोनारकाका एकटेच काम करीत. मुलगी शाळेत जायला लागल्यावर दुपारी त्यांच्या दारात बसून मी पाहत असे. एक दिवस ते म्हणाले, "नुसतं बघून काय होणार? तार ओढ." आणि पुढचे चार महिने त्यांनी मला फक्त तार ओढायला लावली. चांदीची कांडी ठोकून निमुळती करायची, जंतराच्या भोकात घालायची, पलीकडून सांडशीने ओढायची. मग त्याहून लहान भोक, मग त्याहून लहान. दोन-चार भोकांनंतर चांदी ताठरते, आणखी ओढली तर तुटते. मग तिला निखाऱ्यावर मऊ करायचे. लाल होऊ द्यायची नाही, मंद गुलाबी दिसली की बस. दिवसाच्या उजेडात तो रंग कळत नाही म्हणून काका खिडकीला पोते लावत. चार महिन्यांत माझे किती वार तुटले याचा हिशेब नाही. काका रागावले नाहीत. तुटलेली तार मुशीत टाकायचे आणि म्हणायचे, "चांदीचं एक बरं असतं, पुन्हा वितळते."

शुद्ध चांदी दागिन्याला चालत नाही, ती फार मऊ असते. शंभर भागांत साडेब्याण्णव भाग चांदी आणि साडेसात भाग तांबे, हे प्रमाण जगभर चालते. यालाच ९२५ म्हणतात. साध्या कानातल्या बुगडीचे उदाहरण घेते. आधी तार, मग तारेची वळी, मग रवे. रवा करायचा म्हणजे तारेचे समान तुकडे कोळशावर ठेवून आच द्यायची. चांदी वितळली की आपोआप गोल होते, पाण्याच्या थेंबासारखी. असे वीसतीस रवे एका वळीवर बसवायचे आणि सवागी लावून डाग द्यायचा. डागाची चांदी दागिन्याच्या चांदीपेक्षा थोडी आधी वितळली पाहिजे, म्हणून तिच्यात भेसळ जास्त. आच क्षणभर कमी पडली तर रवा सुटतो, क्षणभर जास्त झाली तर सगळी बुगडी गोळा होऊन बसते. दिवसभराचे काम एका श्वासात जाते. फुंकणीच्या जागी आता गॅसची टॉर्च आली, पण तो एक श्वास तसाच आहे.

शिकल्यावर मी सराफ बाजारात एका माडीखाली अर्धी खोली भाड्याने घेतली. पंचवटीतून रामसेतू ओलांडला की बाजार. नाशिकचा हा बाजार चांदीसाठी नावाजलेला. भांडी, समया, पूजेचे सामान, पैंजण, जोडवी. गोदावरीला अगदी लागून आहे, हे त्याचे सुख आणि हेच दुःख. पूर किती आला हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहून सांगतात. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बाजारात पाणी शिरले तेव्हा माझे काही गेले नाही, नशीब. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेले. रात्री सामान वर चढवायला हवे होते, मी सकाळी बघू म्हटले. सकाळी पूल पाण्याखाली. दोन दिवसांनी शटर उघडले तेव्हा आत गुडघाभर चिखल. लोखंडी कपाट आडवे पडलेले, खण उघडे, तयार माल, कच्ची चांदी, तीन गिऱ्हाइकांचे मोडायला दिलेले जुने दागिने, सगळे त्या गाळात. माझी स्वतःची चांदी गेली असती तर सोसले असते. पण अमानत?

मी पायरीवर बसून रडत होते. अब्बा आले, सत्तरीचे, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून. हातात दादांची परात. ती परात अम्मीने कधीची भंगारात काढायला सांगितली होती. त्यांनी मला उठवले नाही, समजावले नाही. एक बादली गाळ काढला आणि परातीत घेऊन झारायला सुरुवात केली. लहानपणी दादांबरोबर केलेले काम, मध्ये पन्नासहून अधिक वर्षे गेलेली, पण मनगट विसरले नव्हते. परात जरा कलती धरायची, पाणी गोल फिरवायचे, वरची माती काठावरून सोडून द्यायची. मग मीही शिकले. चार दिवस आम्ही दोघे गाळ झारत होतो. मोठे दागिने हातालाच लागले, लहान जोडव्या परातीत सापडल्या, शेवटी नुसता चमकता कीस. पारा मात्र मी वापरू दिला नाही. तो कीस सरळ गाळायला दिला. तिन्ही गिऱ्हाइकांचा जिन्नस पूर्ण निघाला. एका बाईंच्या कर्णफुलाचा एक वेल तेवढा मिळाला नाही, तो मी पुन्हा घडवून दिला. माझा तयार माल मात्र सगळाच हाती आला नाही.

त्यानंतर मी बाजारातली जागा सोडली. आता पंचवटीतच, घराच्या माळ्यावर बसते. उन्हाळ्यात पत्रा तापतो, वर टॉर्च, जीव नकोसा होतो. पण नदी माळ्यापर्यंत येणार नाही.

एकटीने काम करण्यात मोकळीक आहे, तशी एक अडचण आहे: पाठीशी दुकान नसते. मी शिकत असताना सगळेच एक आकडा सांगत. "ही पैंजणाची जोडी इतक्याला." त्यात चांदी किती, मजुरी किती, घट किती, कोणी विचारत नसे आणि कोणी सांगत नसे. मीही तसेच करायचे. दोन प्रसंगांनी ते बंद झाले.

पहिला प्रसंग शुद्धतेचा. मी एका व्यापाऱ्याकडून ९२५ म्हणून चांदी घेतली आणि विश्वासाने तशीच वापरली. एका गिऱ्हाईक बाईंनी माझी वाकी दुसरीकडे मोडायला नेली, तिथे टंच काढला तर ८४ निघाला. त्या परत आल्या, आरडाओरडा केला नाही, फक्त पावती माझ्या पाटावर ठेवली. त्या पावतीपुढे मी काय बोलणार? फरक भरून दिला. तेव्हापासून प्रत्येक कांडी वापरण्याआधी मी तिचा टंच काढून घेते आणि डाग कमीत कमी वापरते, कारण डाग जास्त झाला की शुद्धता तेवढीच उतरते. सोन्याच्या दागिन्यांवर आता सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांकाशिवाय दुकानदाराला विक्री करता येत नाही, १ एप्रिल २०२३ पासून. चांदीला हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे; १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही तसा क्रमांक मिळण्याची सोय झाली आहे. ज्या बहिणी चांदी घेतात त्यांनी तो मागावा. बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर क्रमांक टाकला की दागिना कोणत्या केंद्रात तपासला, शुद्धता किती, हे दिसते. आणि एक: चांदी काळी पडली म्हणून ती खोटी ठरत नाही. हवेतल्या आणि घामातल्या गंधकाने खरी चांदीच काळवंडते.

दुसरा प्रसंग पूर्ण माझ्या चुकीचा. २०२५ च्या फेब्रुवारीत एका लग्नाची ऑर्डर आली, तीन बहिणींची मिळून अर्धा किलो चांदी. भाव तेव्हा किलोला लाखाच्या आत होता. मी एकूण आकडा सांगितला, बयाणा घेतला, आणि त्याच आठवड्यात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, बयाणा तिकडे गेला. चांदी नंतर घेऊ, लग्न नोव्हेंबरात आहे, घाई काय. भाव त्याच वर्षी लाखाच्या पार गेला आणि चढतच राहिला. ऑक्टोबरमध्ये मी चांदी घेतली तेव्हा तो दीड लाखाच्याही पुढे होता. तीस हजारांच्या आसपास मला खिशातून घालावे लागले. मुलीकडचे लोक चांगले होते, "थोडं वाढवून घ्या" म्हणाले. पण सौदा ठरला होता. मी नाही घेतले. पती दोन दिवस बोलले नाहीत, आणि त्यांचेही बरोबरच होते.

आता माझ्या वहीत दोन रकाने असतात. एका रकान्यात चांदी, वजन आणि त्या दिवसाचा भाव. दुसऱ्यात मजुरी. ऑर्डर येते त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या बयाण्यातून चांदी घ्यायची आणि डब्यावर त्यांचे नाव लिहून ठेवायची. पहिल्यांदा मजुरीचा आकडा वेगळा दिसला तेव्हा लोक दचकले. "एवढी मजुरी?" बुगडीच्या जोडीत चांदी जेमतेम पाच-सहा ग्रॅम आणि माझे दोन दिवस, आकडा वेगळा लिहिला की मजुरी चांदीपेक्षा मोठी दिसते. ती पूर्वीही तेवढीच होती, फक्त वजनात दडलेली. काही गिऱ्हाइके गेली. जी राहिली ती आता पाटाशेजारी बसून विचारतात, हा रवा कसा बसवला, हा वेल कुठून सुचला.

वेल कुठून सुचतो? बराचसा चालताना. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा मी कितीदा पाहिला असेल. लाकडी खांबांवरची पाने आणि फुले, वरची महिरप. पेशवाई वाड्यांतले ते सुरूच्या झाडासारखे खांब आणि पाकळ्यांची महिरप मोगली इमारतींतून आली, हे मला पुढे वाचून कळले. माझ्या चांदबालीची वरची कड त्या महिरपीवरून घेतलेली आहे. द्राक्षाचा घड तर नाशिकमध्ये राहून सुटणारच नाही. रव्यांचा घड करणे सोपे, त्याचे पान करणे अवघड. मी प्राण्यांचे, माणसांचे आकार करीत नाही. देवाच्या मूर्तीचे किंवा मुकुटाचे काम आले की ते खालच्या सोनारकाकांच्या मुलाकडे पाठवते. त्याच्याकडे जाळीचे, वेलबुट्टीचे काम आले की तो माझ्याकडे पाठवतो. सिंहस्थाच्या तयारीमुळे त्याच्याकडे सध्या काम भरपूर आहे, त्यामुळे माझ्याकडेही वेली खूप येत आहेत.

चांदीबद्दल मनात जी आदराची भावना आहे ती लहानपणी ऐकलेल्या एका हकिगतीमुळे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी राजांना पत्रे पाठवायची ठरवली तेव्हा मोहरेशिवाय पत्र वाचले जात नाही असे त्यांना सांगण्यात आले. म्हणून चांदीची अंगठी करवून घेतली, तिच्यावर तीन ओळींत नाव कोरले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात ती अंगठी अरीस नावाच्या विहिरीत पडली आणि शोधूनही सापडली नाही. मोठी माणसे या हकिगतीत मोहर पाहतात. मी कारागीर, माझे लक्ष ती अक्षरे कोरणाऱ्या हाताकडे जाते. एवढ्याशा जागेत तीन ओळी, आणि मोहरेसाठी त्या उलट्या कोराव्या लागतात!

आणि बिदर. माझी बहीण उदगीरला दिली आहे, तिथून बिदर जवळ. तिथले बिदरी काम पाहिल्यावर मी आठवडाभर माझ्या कामाकडे पाहू शकले नाही. जस्ताच्या सोळा भागांना तांब्याचा साधारण एक भाग घालून भांडे किंवा लॉकेट ओततात, त्यावर हाताने नक्षी खोदतात आणि त्या चरांत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्यात ते बुडवतात. जस्ताची जमीन कायमची काळीभोर होते, चांदी तशीच पांढरी राहते. तार बसवण्याला तारकशी म्हणतात, पत्रा बसवण्याला तैनिशान. तिथले उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना १९८८ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, नंतर शिल्पगुरू आणि २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ही बातमी मी कापून पाटासमोर चिकटवली आहे. वडिलांकडून शिकलेले काम त्यांनी आयुष्यभर केले. एका कारागिराने मला किल्ल्यातली ती माती जिभेवर ठेवून पारखून दाखवली. मी येताना चांदी झारणाऱ्या घराण्याला साजेसे केले, मूठभर माती पुडीत बांधून आणली. माझ्या हातून तो काळा रंग अजून उतरलेला नाही. राखाडी येतो.

माझ्याकडे जुने दागिने मोडायला फार येतात. मालेगावहून एक आजी आपली हसळी घेऊन आल्या, नातीला नव्या फॅशनचा सेट हवा होता. भरीव, हाताने ठोकलेली, टोकांना बारीक ठशांची नक्षी. मी त्यांना म्हटले, आजी, भाव वजनाचा मिळेल, या नक्षीचा कोणी एक रुपया देणार नाही. ती नक्षी करणारा माणूस आता मिळणारही नाही. नातीला बोलावले, तिच्या गळ्यात घालून आरसा दाखवला. ती घेऊन गेली. त्या दिवशी माझी मजुरी बुडाली. तरीही जुना दागिना मोडण्याआधी बहिणींनी तो एकदा नीट पाहावा असे मला वाटते. तुटलेला डाग जोडता येतो, झिजलेली कडी बदलता येते, पैंजणाचे घुंगरू नवे बसवता येतात. मोडण्याच्या मानाने खर्च थोडा.

रमजान जवळ आला की वेगळीच गिऱ्हाइके येतात, वजन करून घ्यायला. जकातीसाठी. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, पण हा तोळा जुना, ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम. सोन्याचा साडेसात तोळे, सुमारे ८७ ग्रॅम. बाजारात आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्यामुळे पुष्कळ घरांत हिशेब चुकतो. खडे, लाख, मोती यांचे वजन धरायचे नाही. हनफी मताप्रमाणे अंगावरच्या दागिन्यांवरही जकात आहे. शाफई मताप्रमाणे नेहमीच्या वापराच्या दागिन्यांवर नाही, म्हणून कोकणातल्या आपल्या बहिणींचा हिशेब वेगळा असतो. आपापल्या आलिमांना विचारावे. मी वजन करून चिठ्ठी देते, त्याचे पैसे घेत नाही.

माझा स्वतःचा हिशेब अब्बा करतात. हातोडी, जंतर, टॉर्च ही धंद्याची अवजारे, त्यांवर जकात नाही. कच्ची चांदी आणि विकायचा तयार माल, त्यांवर आहे. गिऱ्हाइकांच्या नावाचे डबे माझे नाहीत. एवढ्यापर्यंत आमचे एकमत असते. मग अब्बा तो धुळीचा डबा पुढे ओढतात. गेल्या वर्षीच्या धुळीतून गाळून एक्केचाळीस ग्रॅम चांदी निघाली. मी म्हणते, ती निघाल्यावर धरू, आत्ता ती नुसती धूळ आहे. अब्बा डबा हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतात, झाकण उघडून वास घेतात आणि म्हणतात, "चाळीस तरी आहेच. लिही."

मी अजून लिहिलेले नाही. मुलगी म्हणते, अर्धी लिहा.